मात्सुताके : हात हवा, हाव नको

१९४१ साली जपानच्या डोंगरांतून सुमारे १२ हजार टन मात्सुताके अळंबी निघाली. २०१९ साली निघाली ती अवघी १४ टन. एखादी रानभाजी अशी आटली की आपण पटकन म्हणतो, लोकांनी ओरबाडून नेली. जपानच्या बाबतीत हे उत्तर चुकतं. तिथे ही अळंबी घटली ती मुख्यतः माणसांनी डोंगरावर जाणं सोडलं म्हणून. चीनच्या युन्नान प्रांतात मात्र उलटी काळजी सुरू झाली. तिथल्या रानात माणसं फार जाऊ लागली होती. २०२० साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत मात्सुताकेची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. जगातल्या सर्वांत महागड्या अळंब्यांपैकी ही एक. तिला माणसाचा हात तारतो की मारतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना ती उगवते कशी, शोधतात कशी आणि शिजवतात कशी, हेही पाहावं लागतं. कारण तिची किंमत वासात आहे, आणि तो वास जंगलाशिवाय तयार होत नाही.

पाइनच्या मुळाशी

जपानीत ‘मात्सु’ म्हणजे पाइन आणि ‘ताके’ म्हणजे अळंबी. शास्त्रीय नाव ट्रायकोलोमा मात्सुताके. जपानात ती प्रामुख्याने ‘आकामात्सु’ या तांबड्या पाइनखाली उगवते. आपल्याकडे धिंगरी भाताच्या पेंढ्यावर, पिशव्यांतून वाढवता येते, कारण ती मेलेल्या काडीकचऱ्यावर जगते. मात्सुताकेचं तसं नाही. तिला जिवंत झाडाचं मूळ लागतं. तिचे तंतू पाइनच्या कोवळ्या मुळांना वेढून बसतात, मातीतली खनिजं आणि पाणी झाडाला पुरवतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हा सौदा जमायला वेळ लागतो. साधारण वीसेक वर्षांचं झाड झाल्याशिवाय त्याच्याखाली अळंबी दिसत नाही.

जमिनीखाली तंतूंचं आणि मुळांचं जे दाट, पांढुरकं जाळं तयार होतं, त्याला जपानी लोक ‘शिरो’ म्हणतात. या उच्चाराचे दोन अर्थ आहेत, ‘पांढरा’ आणि ‘किल्ला’, आणि दोन्ही इथे चपखल बसतात. हा किल्ला दरवर्षी दहा-पंधरा सेंटिमीटरने बाहेर सरकत जातो, म्हणून जुन्या रानात अळंब्या गोलाकार किंवा कमानीसारख्या रांगेत उगवलेल्या दिसतात. शरद ऋतूत जमिनीचं तापमान १९ अंशांच्या आसपास उतरलं आणि पुरेसा पाऊस झाला, की शिरोवर कळ्या धरू लागतात.

या बुरशीचा एक स्वभाव पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली आहे. ती लढण्यात दुबळी आहे. सकस, कुजलेल्या पानांनी भरलेल्या मातीत दुसऱ्या बुरश्या आणि जिवाणू तिला हुसकावून लावतात. तिला निकस, निचऱ्याची, उघडी-वाघडी जमीन मानवते. डोंगराच्या धारेवर, जिथे पाऊस माती धुऊन नेतो आणि पालापाचोळा साचत नाही, तिथे ती सुखाने नांदते.

वासाचा मान

जपानीत एक म्हण आहे. वास घ्यावा मात्सुताकेचा, चव घ्यावी शिमेजीची. शिमेजी ही तिथलीच दुसरी रानअळंबी. म्हणजे मात्सुताके चवीसाठी खायचीच नाही, ती वासासाठी खायची, हे लोकांनी कधीचंच ठरवून टाकलं आहे. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या जपानी काव्यसंग्रहातही डोंगरभर पसरलेल्या अळंबीच्या वासावर कविता आहे, आणि ती अळंबी मात्सुताकेच असं मानलं जातं.

हा वास मुख्यतः दोन द्रव्यांचा आहे. एक, बहुतेक अळंब्यांत असणारं ऑक्टेनॉल. १९३०च्या दशकात जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ते मात्सुताकेतून वेगळं काढलं आणि त्याला ‘मात्सुताकेओल’ असंच नाव पडलं. दुसरं मिथाइल सिनॅमेट, दालचिनीची आठवण करून देणारं. ओली माती, पाइनची राळ आणि त्यावर दालचिनीची झाक, अशी काहीशी कल्पना करावी.

पण वास हा शिकलेल्या नाकाचा विषय आहे. १९०५ साली नॉर्वेत एका अळंबीची नोंद झाली. तिच्या वासावरून तिला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ ‘मळमळ आणणारी’. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००० साली, डीएनए तपासून स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही अळंबी आणि जपानची मात्सुताके एकच आहे. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुनं नाव टिकायला हवं होतं, पण तज्ज्ञांनी अपवाद करून मात्सुताके हेच नाव राखलं. उत्तर युरोपातल्या पाइनखाली जी कोणी उचलत नव्हतं, तीच जपानात बांबूच्या परडीत, नेच्याच्या पानांवर मांडून, मानाची भेट म्हणून दिली जात होती.

शोध

ज्याला मात्सुताके सापडते त्याला ती सहसा दिसलेली नसते. छत्री उघडून वर आलेली अळंबी बाजारात दुय्यम ठरते. सर्वांत जास्त दाम मिळतो तो कळीला, जिच्या छत्रीखालचा पातळ पडदा अजून फाटलेला नाही तिला, कारण वास त्या पडद्याआड कोंडलेला असतो. अशी कळी बहुधा पाइनच्या सुयांखालीच दडलेली असते. मुरलेला माणूस उताराच्या खालच्या अंगाला उभा राहून वर पाहतो. तिरप्या उन्हात सुयांचा थर कुठे टिचभर उचलला गेला आहे, कुठे बारीक भेग पडली आहे, हे तो हेरतो. मग तळवा ठेवून हलकेच दाबतो. खाली दगड असेल तर हाताला तसं कळतं, अळंबी असेल तर थोडा लवचीक टणकपणा लागतो. बोटं देठाच्या बुडाशी नेऊन तो तिला किंचित हलवतो आणि सबंध उपटतो. त्यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं. खड्डा बुजवायचा, सुया पुन्हा पसरायच्या, हाताने थापटायच्या. शिरो उघडा पडून वाळला, की पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही.

जागा गुप्त ठेवण्याची रीत सगळीकडे सारखी आहे. जपानात म्हणतात, मात्सुताकेची जागा बाप मुलालाही सांगत नाही. गावाच्या सामाईक डोंगरावर मात्र दुसरी रीत होती. हंगामापुरता तोडणीचा हक्क लिलावाने द्यायचा आणि आलेला पैसा गावाच्या कामाला लावायचा. आपल्याकडे आंब्याची बाग हंगामापुरती कराराने देतात, तशातलाच हा व्यवहार. हक्क घेणारा माणूस मग रान साफ ठेवायलाही झटतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगॉनच्या कॅस्केड डोंगरांत, तिची सख्खी बहीण उगवते. तिथे हंगामात रानाच्या कडेला तंबू पडतात. तोडणाऱ्यांत मोठा भाग लाओस आणि कंबोडियातल्या युद्धातून निघून आलेल्या निर्वासितांचा, त्यांत ह्मोंग आणि मिएन लोकही. दिवसभर रान पालथं घालायचं आणि संध्याकाळी खरेदीदारांच्या तंबूत प्रत लावून माल विकायचा. मानवशास्त्रज्ञ ॲना त्सिंग यांनी २०१५ साली आलेल्या आपल्या पुस्तकात ही माणसं आणि हा व्यापार सविस्तर मांडला आहे. या रानांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, हिरवं पान नसलेली एक वनस्पती उगवते. ती याच बुरशीच्या तंतूंवर जगते, म्हणून ती दिसली की जाणकार थबकतो. तिथेच दिसायला मिळतीजुळती अशी एक विषारी अळंबीही आहे, जी खाल्ल्यास मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामुळे तिथला शहाणा तोडणारा डोळ्यांपेक्षा नाकावर भिस्त ठेवतो. दालचिनीसारखा वास आल्याशिवाय तो अळंबी पिशवीत टाकत नाही.

स्वयंपाकघरात

मात्सुताके नळाखाली धुवायची नाही. देठाच्या बुडाची माती पेन्सिलीला टोक काढावं तशी सुरीने तासायची आणि बाकीची ओल्या फडक्याने अलगद पुसायची. सुरीने कापण्यापेक्षा वरून एक छेद देऊन हाताने उभी फाडली तर वास अधिक मोकळा होतो. फोडणी, लसूण, गरम मसाला यांचं इथे काम नाही. तेलात तळसली किंवा झणझणीत वाटणात घातली, की जिच्यासाठी पैसे मोजले ती गोष्टच हरवते.

सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे मात्सुताके-गोहान, या अळंबीचा भात. आखूड दाण्याचा तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवतात. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचा कीस यांचं हलकं सार काढतात, त्याला ‘दाशी’ म्हणतात. त्यात थोडा फिका सोया सॉस आणि चमचाभर साके घालून तांदूळ वैरतात. फाडलेल्या अळंब्या वर नुसत्या पसरतात, ढवळत नाहीत. भात शिजला की झाकण न उघडता दहा मिनिटं तसाच ठेवतात. झाकण काढायचं ते सगळे पानावर बसल्यावरच. पहिली वाफ ही या पदार्थाची खरी वाढणी. ती स्वयंपाकघरातच उडून गेली तर भात अर्धा वाया गेला. दोन वाट्या तांदळाला मध्यम आकाराची एखादी अळंबी पुरते, म्हणून महागाईतही घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला वास येतो.

दुसरा प्रकार दोबिन-मुशी. छोट्या मातीच्या किटलीत दाशी, अळंबीचे काप, कोळंबी किंवा हामो मासा आणि गिंको झाडाच्या बिया घालून वाफवतात. आधी किटलीतून वाटीत ओतून सार प्यायचं, मग झाकण उघडून सुदाची या लहान हिरव्या लिंबाचा रस पिळायचा आणि आतले तुकडे खायचे. तिसरा सर्वांत सोपा. कोळशाच्या शेगडीवर जाड काप भाजायचे, कडांना पाणी सुटलं की उतरवायचे, वर मीठ आणि सुदाची.

कोरियात हिला ‘सोंगी’ म्हणतात. तिथे ती गोमांसाबरोबर भाजून, तिळाच्या तेलात आणि मिठात बुडवून खातात. युन्नानमधल्या तिबेटी घरांत जाड काप तुपासारख्या लोण्यावर मंद परततात आणि वरून चिमूटभर मीठ घालतात. २०१२ साली चीनमध्ये गाजलेल्या ‘अ बाइट ऑफ चायना’ या माहितीपटमालिकेचा पहिला भागच युन्नानमधल्या शांग्री-लातल्या मायलेकींच्या मात्सुताके-शोधाने सुरू झाला. तोवर मुख्यतः जपानला जाणारी ही अळंबी त्यानंतर चीनच्या शहरांतही चांगलीच मागितली जाऊ लागली.

का आटली?

जपानी खेड्याच्या पाठीशी असलेल्या वापरातल्या डोंगराला ‘सातोयामा’ म्हणतात. शतकानुशतकं लोक तिथून सरपण आणत, कोळसा पाडत आणि दाताळ्याने पालापाचोळा ओढून भातशेतीच्या खताला नेत. कोकणात राबासाठी पातेरा गोळा करतात, तसंच हे काम. त्यामुळे डोंगर उघडा राही, जमीन निकस राही, उन्हाला आसुसलेला तांबडा पाइन तिथे जोमाने वाढे आणि त्याच्या मुळाशी मात्सुताके. कोणी ती लावली नव्हती. चूल आणि शेत यांच्या गरजेतून ती आपोआप जोपासली जात होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० आणि ६०च्या दशकांत, गॅस आणि रॉकेल घरोघरी पोचलं, रासायनिक खत आलं, तरुण शहरांकडे गेले. डोंगरावर जायचं कारण उरलं नाही. पाचोळा साचला, माती सकस झाली, रुंद पानांची झाडं दाटली आणि पाइन सावलीत गेला. भरीला रोग आला. उत्तर अमेरिकेतून आलेला सूक्ष्म सूत्रकृमी एका भुंगेऱ्याच्या अंगावरून झाडाझाडांत पसरतो आणि काही महिन्यांत पाइन वाळवून टाकतो. अशी मर जपानात प्रथम नागासाकी भागात १९०५च्या सुमारास नोंदली गेली. तिचं कारण हा सूत्रकृमी आहे हे १९७१ साली स्पष्ट झालं. १९७९ या एका वर्षात सुमारे २४ लाख घनमीटर पाइनचं लाकूड या रोगाने गेलं. आज जपानी माल मुख्यतः नागानो आणि इवाते या थंड भागांतून येतो आणि बाजारातली बहुतेक मात्सुताके परदेशी असते.

जंगल राखायचं म्हणजे माणसाला बाहेर ठेवायचं, हे सूत्र इथे कोसळतं. जपानात उलट झाडं वाढली, पण मात्सुताके गेली.

बाहेरच्या रानांत

जपानची मागणी मग जगभर पसरली. युन्नानच्या शांग्री-ला भागात १९८०च्या दशकापासून ही अळंबी गावागावाचं रोख उत्पन्न झाली. तिथे ती पाइनइतकीच सदाहरित ओकखालीही उगवते. सकाळी तोडलेला माल विमानाने एक-दोन दिवसांत जपानी बाजारात पोचतो. दाम कळीला, म्हणून लोक दाताळ्याने थर उकरून बोटाएवढ्या कळ्याही काढू लागले. यात दुहेरी तोटा होतो. शिरो उघडा पडतो, आणि छत्री उघडण्याआधीच अळंबी गेल्याने बीजाणू पसरत नाहीत. चीनने मात्सुताकेला संरक्षित जातींच्या दुसऱ्या श्रेणीत घातलं आणि पाच सेंटिमीटरहून लहान अळंबी तोडायला मनाई केली. पण रानात तलाठी उभा करता येत नाही. जिथे गावांनी स्वतःच्या सभेत हद्दी, तोडणीच्या वेळा आणि विश्रांतीचे दिवस ठरवले, तिथे नियम कागदाबाहेर आले.

भूतानमध्ये तिला ‘सांगे शामू’ म्हणतात. बुमथांगमधल्या उरा खोऱ्यात ऑगस्टमध्ये तिचा उत्सव भरतो. कोरियात ती राजकारणातही शिरली. सप्टेंबर २०१८मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेला दोन टन सोंगी भेट पाठवली आणि ती फाळणीत ताटातूट झालेल्या कुटुंबांतल्या सुमारे चार हजार वृद्धांना अर्धा अर्धा किलो वाटली गेली. त्याच दक्षिण कोरियात मार्च २०२२च्या वणव्यात उलजिनची सोंगीची रानं जळाली. पाइन पुन्हा लावता येतो, पण शिरो जुळायला माणसाची अर्धी हयात जाते.

लागवड जमेल का?

शंभर वर्षांच्या प्रयत्नांनंतरही खऱ्या मात्सुताकेची बाजारी शेती झालेली नाही. प्रयोगशाळेत तंतू वाढतात, पण छत्री धरत नाही. कोरियातल्या वनसंशोधकांनी बुरशीची लागण केलेली पाइनची रोपं रानात लावली, आणि अनेक वर्षांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या अळंब्या आल्या. २०१८ साली जपानच्या ताकी केमिकल या कंपनीने ‘बाकामात्सुताके’ झाडाशिवाय वाढवल्याचं जाहीर केलं. ‘बाका’ म्हणजे वेडी. ही जवळची जात हंगामाआधी आणि ओकच्या रानात उगवते, म्हणून हे नाव. तिलाही मात्सुताकेसारखाच वास असल्याने ही बातमी महत्त्वाची होती.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो दुसरा मार्ग. क्योतोत फुमिहिको योशिमुरा या शास्त्रज्ञाने २००५ साली ‘मात्सुताके क्रुसेडर्स’ हा स्वयंसेवकांचा गट उभा केला. निवृत्त माणसं आणि विद्यार्थी सुटीच्या दिवशी डोंगरावर जातात, दाटलेली झुडपं छाटतात, पाचोळा ओढतात, मातीचा सकस थर काढून टाकतात. अळंबी येईल याची हमी नसते. पाइनला ऊन मिळतं, डोंगर पुन्हा वावरता होतो, ओसाड शेतात भाजी पिकते आणि शहरी माणसाला रानाची ओळख होते. अळंबी आली तर ती या श्रमाची बक्षिशी.

आपल्या अंगणापर्यंत

हे सगळं दूरचं वाटू नये. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला येणारी वारुळावरची अळंबी, गोव्यातली ‘अळमी’, हीसुद्धा लागवड न होणारी जात आहे. तिची भागीदारी पाइनशी नाही, वाळवीशी आहे. वाळवी वारुळात या बुरशीची बाग राखते आणि पावसात त्या बागेतून लांब देठाची छत्री जमिनीबाहेर येते. गोव्यातले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांच्या संवर्धनाचा प्रश्न कित्येक वर्षं लावून धरला आहे. दोन्हींच्या जगण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, त्यामुळे जपानचा उपाय इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पाचोळा ओढल्याने वारूळ वाचत नाही. पण कळ्याच खुडल्या तर बीजाणू पसरत नाहीत आणि भागीदाराचं घर मोडलं तर अळंबी परत येत नाही, हे दोन्हीकडे तितकंच खरं आहे.

आढाव्याचा निष्कर्ष असा, की मात्सुताकेला माणसाचा हात हवा आहे, हाव नको आहे. जपानात हात सुटला म्हणून ती गेली, युन्नानमध्ये हाव सुटली म्हणून ती धोक्यात आली. जिथे गावाने आपलं रान आपलं मानून नियम पाळले, तिथेच तिला पुढचा हंगाम आहे. तेव्हा यंदाच्या पावसात वारुळावर अळंबी दिसली, तर ती जाणत्या माणसाकडून ओळखून घ्या, वारूळ उकरू नका, मिटलेल्या कळ्या राहू द्या आणि चार उघडलेल्या छत्र्या तिथेच सोडून या.